कोंबडी, कायदा आणि पिकअप ट्रक

१/
फोर्ड कंपनीचा १९८३ च्या मॉडेलचा 'रेंजर' हा पिकअप ट्रक लांबीला साधारण साडेचार मीटर होता. अमेरिकेत त्या काळी त्याला 'लहान ट्रक' म्हणत. आज ही कंपनी अमेरिकेत जे पिकअप विकते, त्यांतला सर्वांत लहान 'मॅव्हरिक' पाच मीटर सात सेंटिमीटर लांब आहे. चाळीस वर्षांत 'लहान' या शब्दाचीच लांबी दोन फुटांनी वाढली. आणि जो खरोखरीचा मोठा, तो चार दारांचा 'एफ-१५०', जवळजवळ पाच मीटर नव्वद सेंटिमीटरांपर्यंत गेला आहे.

हे कसे घडले, याचा हा धागा. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

२/
या प्रश्नाचे एक तयार उत्तर आहे: अमेरिकी माणसाला सगळेच मोठे लागते. घर मोठे, ताट मोठे, म्हणून गाडीही मोठी. हे उत्तर सोपे आहे आणि ऐकणाऱ्याला सुखावते, कारण त्यात दोष दुसऱ्याच्या स्वभावाचा ठरतो.

माझे मत वेगळे आहे. आवडीचा वाटा आहेच, पण ती आवड ज्या दुकानात तयार झाली त्या दुकानात लहान ट्रक मांडायचाच नाही, अशी व्यवस्था कायद्यांनी करून ठेवली. गंमत अशी, की यांतला एकही कायदा ट्रक मोठे करण्यासाठी केलेला नव्हता. जवळजवळ प्रत्येक कायद्यात कष्टकऱ्याच्या गाडीला, म्हणजे शेतकऱ्याच्या, सुताराच्या, नळकाम करणाऱ्याच्या गाडीला, सवलत दिलेली होती. त्या सवलतींच्या वाटेने जे आत शिरले, त्यानेच शेवटी कष्टकऱ्याची गाडी बाजारातून बाहेर ढकलली.

३/
आधी मूळ वस्तू पाहू. १९२५ च्या एप्रिलमध्ये हेन्री फोर्डच्या कारखान्याने 'मॉडेल टी'च्या मागे पोलादी हौदा बसवून ती गाडी २८१ डॉलरना विकायला काढली. त्याआधी शेतकरी मोटार विकत घेत आणि मागचा भाग कापून गावच्या लोहाराकडून किंवा सुताराकडून हौदा करून घेत. फोर्डने एवढेच केले, की ते काम कारखान्यातच करून दिले. इंजिन वीस अश्वशक्तीचे, हौदा जेमतेम एक मीटर चाळीस सेंटिमीटर लांब. दाण्याची पोती, दुधाचे कॅन, कुंपणाचे खांब आणि तार, एवढे नेले की काम झाले.

पुढची पन्नास वर्षे पिकअपचे रूप फारसे बदलले नाही. पुढे एक बाक, त्यावर दोघे किंवा दाटीवाटीने तिघे, मागे लांब हौदा. रविवारी चर्चला जायला घरातली दुसरी गाडी.

४/
आता कोंबडीकडे वळू. ट्रकांच्या इतिहासात कोंबडी कोठून आली, असे वाटेल. पण तिच्यावाचून ही कथा पुढे सरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कुक्कुटपालनाचा कारखाना झाला. जी कोंबडी पूर्वी रविवारच्या जेवणातच दिसे, ती रोजच्या ताटात आली, आणि तरीही उरू लागली. ही स्वस्त, गोठवलेली कोंबडी जहाजांत भरून पश्चिम जर्मनीकडे जाऊ लागली. जर्मन ग्राहक खूश झाला. जर्मन, फ्रेंच आणि डच कुक्कुटपालक अर्थातच नाही. १९६२ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने बाहेरून येणाऱ्या कोंबडीवरील शुल्क एकदम वाढवले आणि अमेरिकी निर्यात कोसळली.

५/
वाद विलक्षण चिघळला. शीतयुद्ध ऐन भरात होते, बर्लिनची भिंत नुकतीच उभी राहिली होती, आणि अटलांटिकच्या दोन्ही बाजूंचे मुत्सद्दी कोंबड्यांवरून भांडत होते. अर्कान्सास हे कुक्कुटपालनाचे राज्य. तेथील सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी नाटोच्या अण्वस्त्रविषयक चर्चेतसुद्धा कोंबडीवरील शुल्काचा विषय काढला होता. अखेर आंतरराष्ट्रीय व्यापार कराराखालील एका पंचमंडळाने अमेरिकेचे नुकसान २ कोटी ६० लाख डॉलरचे ठरवले. तेवढ्या रकमेचा सूड अमेरिकेने कसा उगवायचा, हा आता प्रश्न होता.

६/
४ डिसेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या हत्येला दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा नवे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका घोषणेवर सही केली. बटाट्याचे पिठूळ सत्त्व, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या चार वस्तूंवर २५ टक्के आयातशुल्क. यादी विचित्र वाटते, पण तिच्यामागे हिशेब होता. ट्रकांचा नेम थेट पश्चिम जर्मनीच्या फोक्सवॅगनवर होता. तिच्या डबा-व्हॅन आणि पिकअप अमेरिकेत खपू लागल्या होत्या, आणि मोटार कामगार संघटनेचे पुढारी वॉल्टर रॉयथर त्यामुळे अस्वस्थ होते. १९६४ ची निवडणूक तोंडावर होती. मोटार कामगारांचा संप जॉन्सन यांना परवडणारा नव्हता. नंतर खुल्या झालेल्या ध्वनिमुद्रणांवरून या देवघेवीचा अंदाज येतो.

फोक्सवॅगनचा ट्रक त्या बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला. पुढे ब्रँडी सुटली, पीठ सुटले, डेक्स्ट्रिन सुटले. ट्रकवरचा कर तेवढा राहिला. मोटारीवर पुढे कित्येक वर्षे अडीच टक्के आणि ट्रकवर त्याच्या दहापट! 'कोंबडी कर' हे त्याचे नाव आजही रूढ आहे.

७/
कर असला की पळवाट असतेच. जपानी कंपन्या ट्रकचा सांगाडा आणि केबिन वेगळी पाठवत, कारण हौदा नसलेल्या गाडीवर शुल्क चारच टक्के. अमेरिकी बंदरात उतरल्यावर तिला हौदा जोडला जाई. १९८० मध्ये ही वाट बंद झाली. सुबारूने 'ब्रॅट' नावाच्या छोट्या गाडीच्या उघड्या हौद्यात मागे तोंड करून बसायच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बसवल्या. आता ती ट्रक नव्हती, चार आसनी मोटार होती! खुद्द फोर्डवरही हीच वेळ आली. तुर्कस्तानातून येणाऱ्या 'ट्रान्झिट कनेक्ट' व्हॅनमध्ये मागची आसने बसवून आणायची, प्रवासी मोटारीचे शुल्क भरायचे, आणि बाल्टिमोरच्या बंदरात ती आसने काढून टाकायची, असे वर्षानुवर्षे चालले. ते प्रकरण २०२४ मध्ये ३६ कोटी ५० लाख डॉलर भरून मिटले. जो कर परदेशी ट्रक अडवण्यासाठी होता, त्याचा दंड अमेरिकी कंपनीने भरला.

निस्सानने दुसरा मार्ग धरला: टेनेसीतील स्मर्ना येथे कारखानाच काढला. १९८३ च्या जूनमध्ये त्यातून बाहेर पडलेली पहिली गाडी पिकअप होती.

८/
या कथेत आपल्याकडची एक कंपनीही येते. मुंबईच्या महिंद्राने २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिझेलवर चालणारा मध्यम आकाराचा पिकअप अमेरिकेत विकण्याची तयारी चालवली होती. तेथील वितरकाने ठिकठिकाणी विक्रेते नेमले. कर चुकवण्यासाठी गाडी सुट्या भागांत नेऊन तेथे जुळवण्याचा बेतही जाहीर झाला होता. २०१० मध्ये वितरकाशी बिनसले, प्रकरण लवाद आणि न्यायालयांत गेले आणि ट्रक आलाच नाही. त्याला कारणे अनेक होती. सगळे खापर कोंबडीवर फोडणे योग्य नाही. पण २५ टक्क्यांची भिंत ओलांडून लहान, स्वस्त गाडी विकायला निघालेल्याच्या हाती नफा किती उरतो, याचा हिशेब कोणीही करावा.

९/
येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोंबडी कराने ट्रक *मोठे* केले नाहीत. त्याने एवढेच केले, की लहान ट्रक बनवण्यात जे देश वाकबगार होते त्यांना दाराबाहेर ठेवले. मोटारींच्या बाजारात अमेरिकी कंपन्यांना जपानी आणि जर्मन स्पर्धक सळो की पळो करत होते. ट्रकच्या बाजारात तटबंदी होती. ज्याला जेथे आसरा मिळतो तेथे तो घर बांधतो. या कंपन्यांनी आपला पैसा, अभियंते आणि जाहिराती तटबंदीच्या आत आणल्या.

ट्रक मोठे करण्याचे काम पुढच्या कायद्याने केले.

१०/
१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. १९७५ च्या डिसेंबरात अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ऊर्जा धोरण आणि संवर्धन कायद्यावर सही केली (आडनावाचा मोटार कंपनीशी संबंध नाही). प्रत्येक कंपनीच्या सर्व मोटारींची मिळून सरासरी १९८५ पर्यंत गॅलनमागे २७.५ मैल, म्हणजे लिटरमागे सुमारे ११.७ किलोमीटर व्हावी, असे त्यात ठरले. ही सरासरी इंधनक्षमता इंग्रजी आद्याक्षरांवरून 'कॅफे' म्हणून ओळखली जाते.

कायदा चांगला होता, आणि मोटारींबाबत तो यशस्वीही झाला. पण ट्रकांसाठी वेगळी, सैल मर्यादा ठेवली गेली. युक्तिवाद रास्त होता: शेतकऱ्याच्या गाडीला ओझे वाहायचे असते, तिला कुटुंबाच्या मोटारीचा नियम लावून कसे चालेल? १९७५ च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या दर पाच गाड्यांत ट्रक साधारण एकच असे. एवढ्याशा सवलतीने काय बिघडणार होते?

११/
काय बिघडले ते पाहा. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २००४ पर्यंत हलक्या ट्रकांसाठी मर्यादा गॅलनमागे २०.७ मैलांवर, म्हणजे लिटरमागे ८.८ किलोमीटरवर गोठून राहिली. भरलेल्या गाडीचे कमाल वजन ८,५०० पौंडांच्या (सुमारे ३,८५५ किलो) वर गेले, तर २०१४ पर्यंत इंधनाचा कोणताच नियम लागू नव्हता. जास्त इंधन पिणाऱ्या मोटारींवर १९७८ मध्ये विशेष कर बसला. ट्रक त्यातून मुक्त. महागड्या मोटारींवर १९९१ पासून चैनीचा कर बसला. ६,००० पौंडांवरचे ट्रक त्यातूनही मुक्त. व्यवसायासाठी घेतलेल्या गाडीची किंमत पहिल्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची मुभा आहे, ती पुरती मिळते ६,००० पौंडांच्या वर. २००४ मध्ये 'एसयूव्ही'चा याबाबतचा गैरवापर रोखण्यासाठी मर्यादा घातली गेली, तेव्हा सहा फुटी हौद्याच्या पिकअपला पुन्हा वगळले.

प्रत्येक ठिकाणी तोच मंत्र: वजनाची एक रेषा आखा, तिच्या वर गेलेल्याला सोडून द्या. मग शहाणा कारखानदार रेषेखाली कशाला थांबेल?

१२/
याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतल्या सर्वाधिक प्रसिद्ध ट्रकच्या नावातच आहे. फोर्डचा एफ-१०० हा अर्ध्या टनाचा साधा पिकअप. १९७५ च्या मॉडेल वर्षात कंपनीने त्याचा जरा वजनदार भाऊ आणला, एफ-१५०. भरल्या गाडीचे कमाल वजन ६,००० पौंडांच्या किंचित वर. त्या वर्षी प्रदूषणाचे नवे नियम आले होते. ६,००० पौंडांच्या आतल्या गाड्यांना धुराड्यातला वायू शुद्ध करणारे उपकरण आणि शिसेविरहित पेट्रोल जवळजवळ अटळ झाले. रेषेवरच्यांना ती कटकट नव्हती. एफ-१०० कालांतराने बंद पडला. एफ-१५० ज्या मालिकेत मोडतो, ती चार दशकांहून अधिक काळ अमेरिकेतील सर्वाधिक खपाची आहे.

पळवाटेसाठी जन्मलेली गाडी राजमार्गाची राणी झाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१३/
'ट्रक' कशाला म्हणायचे, हेही या काळात मोठे मनोरंजक झाले. २००० च्या सुमारास क्रायस्लरने 'पीटी क्रूझर' नावाची एक छोटी, गोलमटोल, जुन्या वळणाची मोटार आणली. तिची मागची आसने निघत आणि तळ सपाट होई; म्हणून इंधनाच्या कायद्यापुरती ती ट्रक ठरली! कंपनीच्या ट्रकांची सरासरी तिने सुधारून दिली, आणि त्या शिलकीवर अवजड ट्रक आणखी थोडे विकता आले. विषयांतर झाले, पण राहवले नाही.

१४/
दरम्यान पेट्रोल स्वस्त झाले. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि पुढची पंधरा-सोळा वर्षे बहुतांशी खालीच राहिले. संघराज्याचा पेट्रोलवरील कर १९९३ मध्ये गॅलनमागे १८.४ सेंट ठरला, तो आजही तेवढाच आहे. महागाईने त्याचे मोल अर्ध्याहून खाली आले. जपान आणि युरोपातील लोकही माणसेच आहेत, त्यांनाही ऐसपैस गाडी आवडते. पण टाकी भरताना त्यांचा खिसा बोलतो.

१९९४ मध्ये डॉज कंपनीने 'रॅम'ला नवा चेहरा दिला. बॉनेट उंच, त्याच्या दोन्ही बाजू खाली उतरलेल्या, पुढे प्रचंड जाळी: महामार्गावरच्या अठरा चाकी मालट्रकची छोटी प्रतिकृती. तो भलताच खपला. मग प्रत्येक कंपनीचा चेहरा दर काही वर्षांनी उंच आणि उग्र होत गेला. आतमध्ये दोन दारांची चार झाली, मागे पुरी बैठक आली, चामड्याची आसने आली. घरातली दुसरी गाडी आता पहिली झाली.

१५/
आणि आता सर्वांत चटका लावणारा कायदा. कॅफेवर एक गंभीर आक्षेप होता. इंधन वाचवण्यासाठी कंपन्यांनी मोटारी लहान आणि हलक्या केल्या, त्यामुळे अपघातात आत बसलेली माणसे अधिक मेली. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २००२ मध्ये अंदाज दिला, की एकट्या १९९३ साली यामुळे १,३०० ते २,६०० जादा मृत्यू झाले असावेत. समितीचे सर्व सदस्य त्याच्याशी सहमत नव्हते, पण आकडा दुर्लक्षिण्यासारखा नव्हता.

उपाय म्हणून २००६ मध्ये ट्रकांसाठी नवी पद्धत ठरली आणि २०११ पासून ती मोटारींसह सर्वांना लागू झाली. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर गुणिले डाव्या-उजव्या चाकांतले अंतर, म्हणजे गाडी जमिनीवर जेवढी जागा व्यापते ती तिची 'पाऊलजागा'. पाऊलजागा जेवढी मोठी, तेवढे इंधनाचे लक्ष्य सोपे. हेतू असा, की लहान करून कोणी नियम चुकवू नये.

१६/
मग उलटे झाले. लहान पिकअपला जवळपास मोटारीइतके कठीण लक्ष्य गाठावे लागे, आणि मोठ्याला सवलत. इंजिन सुधारायला अब्जावधी डॉलर लागतात. चाके दहा-पंधरा सेंटिमीटर लांब सरकवायला त्यामानाने काहीच लागत नाही. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी त्याच सुमारास गणित मांडून दाखवले होते, की या नियमामुळे गाड्या मोठ्या करण्याकडे कंपन्यांचा कल होईल. त्यांचे कोणी ऐकले, असे दिसत नाही.

२०११ च्या डिसेंबरात मिनेसोटातील सेंट पॉलचा कारखाना बंद झाला आणि अमेरिकेत जुना लहान रेंजर संपला. २०१९ मध्ये ते नाव परत आले, तेव्हा गाडी पाच मीटर पस्तीस सेंटिमीटर झाली होती.

१७/
हे सर्व वाचून आपण फार हसू नये. २००६ च्या अर्थसंकल्पात आपल्याकडे चार मीटरांच्या आतल्या लहान इंजिनाच्या मोटारींचे उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले. लगेच डिकीची शेपटी तोडलेल्या सेडान दिसू लागल्या. टाटा मोटर्सची २००८ ची 'इंडिगो सीएस' ही त्यांतली पहिली. जगात इतरत्र कोणी अशा आखूड पाठीच्या सेडान हौसेने काढत नव्हते. रेषा कायद्याने आखली, गाडी तिच्यापाशी येऊन थांबली. फरक एवढाच, की आपली रेषा आत राहणाऱ्याला बक्षीस देणारी होती आणि त्यांची बाहेर जाणाऱ्याला.

मात्र आपल्याकडेही २०१७ पासून इंधनक्षमतेचा जो नियम आहे, तो गाडीच्या वजनावर बांधलेला आहे: सरासरी वजन वाढले की मुभा वाढते. पाऊलजागेचाच हा चुलतभाऊ.

१८/
आता या वाढीची किंमत कोण देते, ते पाहू. 'ॲक्सिऑस'ने २०२३ मध्ये एफ-१५० च्या पिढ्यांची मापे ताडून पाहिली. पहिल्या पिढीत गाडीचा ६४ टक्के भाग हौदा आणि ३६ टक्के केबिन. २०२१ च्या गाडीत ६३ टक्के केबिन आणि ३७ टक्के हौदा. प्रमाण अगदी उलटले. 'स्ट्रॅटेजिक व्हिजन' या संस्थेच्या पाहणीत तीन चतुर्थांश ट्रकमालकांनी सांगितले, की ते वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा काही ओढून नेतात. ३५ टक्के लोक हौद्यातून वर्षाकाठी एखाद्या वेळी सामान नेतात किंवा तेही नाही.

१९/
'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने २०२१ मध्ये मोजले, की २००० पासून पिकअपच्या बॉनेटची उंची सरासरी ११ टक्क्यांनी आणि वजन २०१८ पर्यंत २४ टक्क्यांनी वाढले. फोर्डच्या एफ-२५० च्या बॉनेटची पुढची कड जमिनीपासून ५५ इंच, म्हणजे एक मीटर चाळीस सेंटिमीटरवर. मॉडेल टीचा हौदा जेवढा लांब होता, तेवढी ही कड उंच. सहा-सात वर्षांचे मूल या बॉनेटसमोर उभे राहिले, तर चालकाला ते दिसणारच नाही.

विमा कंपन्यांच्या निधीवर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये हजारो अपघात तपासले. ४० इंचांहून उंच बॉनेटची गाडी पादचाऱ्याला धडकली, तर तो दगावण्याची शक्यता ३० इंचांच्या आतल्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक. कारण समजायला सोपे आहे. बुटकी मोटार पायांना लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच ट्रक छातीला किंवा डोक्याला लागतो, आणि माणूस चाकांखाली जातो.

२०/
अमेरिकेत २००९ मध्ये सुमारे ४,१०० पादचारी रस्त्यावर मेले. २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक. ही सगळी वाढ ट्रकांमुळे झाली, असे कोणी म्हणू नये. रात्रीचा अंधार, पदपथ नसलेले रुंद रस्ते, वेग, हातातला फोन, हे सगळे त्यात आहे. पण गाडीच्या आतल्या माणसाच्या जिवासाठी पाऊलजागेचा नियम करणाऱ्यांनी गाडीबाहेरच्या माणसाचा हिशेब मांडला नव्हता, एवढे तरी म्हणावेच लागेल. युरोपात पादचाऱ्याला धडक बसली तर बॉनेट किती इजा करील, याची चाचणी दोन दशकांपासून सक्तीची आहे. अमेरिकेत तसा नियम *प्रस्तावित* व्हायलाच २०२४ उजाडले.

२१/
कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. आजच्या ट्रकमध्ये हवेच्या पिशव्या आहेत, छप्पर दाबाला टिकणारे आहे, समोरचा भाग धक्का शोषून घेतो. या सगळ्याला जागा लागते. शक्तिशाली इंजिन थंड ठेवायला मोठी जाळी लागते. एकाच गाडीत मुले शाळेत जातात, आठवडाअखेर बोट ओढून नेता येते आणि कामाचे सामानही मावते. दोन गाड्या परवडत नसलेल्या कुटुंबाला यात हिशेब दिसतो. हे खरे आहे. ग्राहकाला वेडा ठरवून हा विषय संपत नाही. पण या कारणांनी गाडी काही सेंटिमीटर वाढते. बॉनेट लहान मुलाच्या डोक्यावरून जाण्याइतके का वाढले आणि हौदा का आखडला, याचे उत्तर त्यांत मिळत नाही. आणि लहान ट्रक हवा असणारा ग्राहक उरलाच नाही, हे म्हणणे तर सरळ खोटे आहे.

२२/
त्याचा पुरावा जपानहून येतो. जपानमध्ये 'केई' वर्गाच्या गाडीची लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि इंजिन ६६० घनसेंटिमीटर याच्या पुढे जाता येत नाही. या मापातले छोटे ट्रक तेथील भातशेतीत आणि गल्लीबोळांत फिरतात. आपल्याकडील 'छोटा हत्ती' डोळ्यांपुढे आणा, त्याहूनही थोडे आखूड. अमेरिकेत २५ वर्षांहून जुनी परदेशी गाडी नव्या सुरक्षा नियमांतून सुटते. म्हणून तेथील शेतकरी, बागकाम करणारे आणि लहान कारागीर गेली काही वर्षे जपानचे पाव शतक जुने, उजव्या हाताला चक्र असलेले ट्रक, वर २५ टक्के कोंबडी कर भरून, बोटीने मागवत आहेत.

नवे काही मिळत नाही म्हणून माणसे जुने, उलट्या चक्राचे मागवतात. बाजाराने याहून स्पष्ट कसे बोलावे?

२३/
मेन, ऱ्होड आयलंड, जॉर्जिया यांसारख्या राज्यांनी मध्यंतरी या छोट्या ट्रकांची नोंदणी नाकारली किंवा काढून घेतली. कारण दिले सुरक्षेचे: महामार्गावरच्या इतर गाड्यांपुढे ते फार लहान आहेत. मालकांनी आरडाओरडा केला. टेक्सासने २०२४ मध्ये त्यांना मोकळीक दिली, काही ठिकाणी वाद अजून चालू आहे.

या केई ट्रकचा हौदा एक मीटर नव्वद सेंटिमीटरांच्या आसपास भरतो. जवळजवळ पाच मीटर नव्वद सेंटिमीटर लांबीच्या चार दारी एफ-१५० वर जो हौदा सर्रास येतो, तो साडेपाच फुटी, म्हणजे एक मीटर सत्तर सेंटिमीटरांचा आहे.